लिंबोणीसह परसबाग दगडाबाईला

मी, खाली सही करणार, मुक्ताबाई कोम कोंडीबा वाघमोडे, वय अदमासे सदुसष्ट (जन्माचा दाखला नाही, आई म्हणायची, प्लेगच्या साली झालीस, आणि प्लेग काही एकदाच आला नव्हता), धंदा पूर्वी सूतिकागृहात नर्स, हल्ली घरकाम व बागकाम, राहणार सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत, सोलापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या ओसरीवर बसून, चष्मा पुसून लिहून ठेवते ते असे :

माझी बुद्धी स्थिर आहे. गेल्या वर्षी छातीत कळ आली होती, ती छातीतच राहिली, डोक्यापर्यंत चढली नाही. मला कोणी धाक दाखविलेला नाही, लालूच दिलेली नाही. वकीलसाहेब शेजारच्या खुर्चीवर बसले आहेत ते कायद्यात चूक होऊ नये एवढ्यासाठी. मजकूर माझा आहे. ते मधूनमधून "बाई, हे मृत्युपत्रात लिहीत नाहीत" असे म्हणतात. मी लिहिते.

कलम १. माझी माणसे

माझे यजमान कोंडीबा गिरणीत साच्यावर होते. ते वारून बरीच वर्षे झाली. त्यांचे धाकटे भाऊ भीमा, तेही पाठोपाठ गेले. मला एकच मुलगा, चि. हिंदुराव. तो बार्शीच्या एका शाळेत चित्रकलेचा मास्तर आहे. भीमाची बायको दगडाबाई ही माझी धाकटी जाऊ. तिला मूलबाळ नाही. ती विड्या वळून स्वतःचे स्वतः खाते. तिचे माहेर वेळापूर, आणि जीभ तिखट. या कागदात तिचे नाव वारंवार येईल. त्याला माझा इलाज नाही. माझ्या आयुष्यातही ते वारंवारच आले.

कलम २. घराची पुढची बाजू

सदर घर मी माझ्या पगारातून घेतले व ते माझ्या एकटीच्या नावावर आहे. खरेदीच्या दिवशी मी यजमानांना म्हटले होते, "तुमचंबी नाव घालू की." तर ते म्हणाले, "पगार तुझा, नाव तुझं. मी आपला ऱ्हातो." त्याप्रमाणे ते शेवटपर्यंत राहिले, आणि जाताना मागच्या बाजूला एक लिंबोणी ठेवून गेले.

घराच्या पुढच्या तीन खोल्या, ओसरी व पुढचे अंगण मी माझा मुलगा हिंदुराव यास पूर्ण मालकी हक्काने देते. पुढच्या अंगणात त्याने खुशाल फरशी घालावी. फरशीची त्याला फार हौस आहे. मास्तर असून चित्रात झाडे छान काढतो, पण खरे झाड दिसले की त्याला पाने झाडायची कटकट दिसते.

कलम ३. किडूकमिडूक

पोस्टातली शिल्लक हिंदुरावला. माझे डोरले व पाटल्या सूनबाईला. तांब्या-पितळेची भांडी दोघांनी भांडण न करता वाटून घ्यावीत. भांडण झालेच तर मोठा हंडा सूनबाईचा.

मागच्या कट्ट्यावर एक पांढरे इनॅमलचे भांडे आहे, तळाला नळी जोडायची चोच असलेले. ते सूतिकागृहातून मोडीत निघाले तेव्हा मी घेतले. मूळचे ते एनिमाचे भांडे. ते फांदीला टांगून नळीने थेंबथेंब पाणी सोडले की मिरचीची रोपे उन्हाळ्यातही तग धरतात. मागच्या सुट्टीत सूनबाईने ते पुढच्या खोलीत नेऊन त्यात निशिगंधाच्या काड्या ठेवल्या आणि आल्यागेल्याला दाखविले. मी काही बोलले नाही. हे भांडे तिला आवडलेच आहे तर तिलाच द्यावे. ते मूळचे कशाचे हे तिला सांगायचे की नाही, ते हिंदुरावने आपल्या जबाबदारीवर ठरवावे.

खुरपे, कुदळ, घमेले, झारी व दोन कात्र्या यांचे काय ते पुढे येईल.

कलम ४. परसबाग कशी झाली

घराच्या मागे दोन खोल्या आहेत व त्यांच्या मागे मोकळी जागा. घर घेतल्यावर भीमा आणि दगडाबाई त्या दोन खोल्यांत राहायला आले. कागद केला नाही, भाडे ठरविले नाही. भाऊ भावाच्या घरात राहायला येतो त्याला कागद कसला.

मोकळ्या जागेत तेव्हा नुसता मुरूम होता. कुदळ मारली की ठिणगी उडायची. दगडाबाईने पहिल्याच दिवशी पाहून सांगितले, "हितं कुसळबी यायचं न्हाय." तिने हे सांगितले म्हणून मी बाग केली. नाहीतर मला सूतिकागृहाच्या पाळ्यांतून वेळ कुठे होता?

यजमानांनी सुट्टीच्या दिवशी तळ्यातला गाळ गाडीतून आणून टाकला, पण गाळ एकट्याने काय करील? मुरमाला जीव आला तो खताने. आमच्या मागे दगडाबाईने लावलेला एक देशी बदाम आहे. थंडी सरता सरता त्याची पाने तांबडी होतात आणि मग एकेक करून सगळी खाली. गल्लीतला कडुनिंब त्यानंतर झडतो. सोलापुरात पानगळ म्हणजे उन्हाची वर्दी. त्या पानांसाठी मी एक खड्डा खणला. पानांचा थर, शेणकाल्याचा थर, भाजीचे देठ, वर माती, असे रचत गेले. आमचे शेजारी इमामसाब स्टेशनवर टांगा चालवतात. ते घोड्याची लीद टोपलीने आणून देऊ लागले. महिन्या-दोन महिन्यांनी सगळे वरखाली करायचे, कोरडे पडले तर पाणी शिंपायचे. पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्याची काळी, भुसभुशीत, चहाच्या भुकटीसारखी माती होते. ती हातात घेतली तर वास येत नाही. ज्या खताला वास येतो ते अजून खत झालेले नसते, एवढे हिंदुरावने लक्षात ठेवले तरी पुष्कळ.

दगडाबाईचे मत वेगळे. तिच्या माहेरी पाने झाडून जाळायची रीत. तिला अंगण आरशासारखे लागते. "खड्ड्यात घाण साठवायची आन् वरनं तिला खत म्हनायचं. साप येतील हितं," असे ती म्हणायची. एकदा खरोखरच आला. धामण होती, बिनविषारी. पण दगडाबाई त्या दिवशी इतकी खूश होती की तिने गल्लीभर पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले.

कलम ५. होळीची तक्रार

हे कलम वकीलसाहेबांना नको होते. ते म्हणाले, मृत्युपत्रात तक्रार नसते. मी म्हटले, मग आम्ही बायकांनी ती न्यायची कुठे?

यजमान आणि भीमा दोघेही गेल्यानंतरच्या एका फाल्गुनात मी पाळीवर होते. त्या वर्षी बदामाने मनापासून पाने टाकली होती. मी ती खड्ड्याशेजारी कमरेएवढी रचून ठेवली होती, आणि जोडीला जुने, अर्धे मुरलेले खत वाळत घातले होते. गल्लीतली पोरे होळीसाठी लाकूडफाटा मागत फिरत होती. दगडाबाईने त्यांना मागचे दार उघडून दिले. "न्या रे बाबांनो, समदं न्या, लई पुण्य लागंल," म्हणाली.

मी घरी आले तेव्हा चौकात होळी पेटली होती. ज्वाला कमी आणि धूरच जास्त होता, कारण अर्धे मुरलेले खत नीट जळत नाही. लोक डोळे चोळत होते. माझे वर्षभराचे खत जळत होते, आणि दगडाबाई त्याला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवीत होती.

मी तिला एवढेच म्हटले, "दगडे, आजपासनं तुझं माझं बोलनं बंद."

ती म्हणाली, "बरं."

या "बरं"चा मला जास्त राग आला.

तेव्हापासून आम्ही बोललो नाही. म्हणजे एकमेकींशी. लिंबोणीशी दोघीही बोलत होतो. मी खुरपे घेऊन बुंध्याशी बसले की मोठ्याने म्हणायची, "लिंबोणीबाई, नळ आला तर कळशी आधी कुनी लावायची याची कायी रीत असती, व्हय की न्हाय?" थोड्या वेळाने दगडाबाई धुणे वाळत घालायला यायची आणि म्हणायची, "लिंबोणी, ज्याला घाई त्यानं नळाखाली हातरूण टाकून निजावं." असे आमचे पुष्कळ व्यवहार तिच्यामार्फत बिनबोभाट चालले. इमामसाब म्हणत, "बाई, ह्ये झाड न्हाय, वकील हाय." (वकीलसाहेब हे वाचून हसले. बरे वाटले.)

कलम ६. लिंबोणीचा आजार

बहात्तरचा दुष्काळ पडला. नळाला दिवसाआड, मग दोन दिवसांआड पाणी येऊ लागले, आणि तेही करंगळीएवढे. माझी वांगी गेली, मिरच्या गेल्या, गुलाब तर पहिल्याच चैत्रात गेले. सायकलवरून रोपे विकणाऱ्या एका बनेल माणसाने मला "काळा गुलाब" म्हणून एक काडी विकली होती. तिला चार वर्षांनी पाच पाकळ्यांचे पांढरे फूल आले होते. तेवढी काडी मात्र दुष्काळातही जगली. फसवणुकीचे रोप फार काटक असते. तो माणूस कधी गल्लीत आलाच तर त्याला हे फूल दाखवावे. बाकी काही करू नये.

मी ठरविले की सगळे गेले तरी लिंबोणी जाऊ द्यायची नाही. यजमानांनी लावलेली तेवढी एकच गोष्ट उरली होती. मी घमेल्यात बसून अंघोळ करायची आणि ते पाणी दुपारी, दगडाबाई वळलेल्या विड्या कारखान्यात टाकायला गेली की, बुंध्याशी ओतायचे. पिण्याच्या पाण्यातलेही तांब्याभर. कोणाला सांगितले नाही. दुष्काळात झाडाला पाणी घालताना माणूस चोरासारखाच वागतो.

पावसाचे दिवस कोरडेच चालले होते तेव्हा लिंबोणी पिवळी पडू लागली. मला वाटले, पाणी कमी पडते आहे. मी आणखी घातले. मग बुंध्याजवळ साल तडकली आणि तिच्यातून मधासारखा डिंक वाहू लागला. पाने गळू लागली, वरच्या फांद्या वाळू लागल्या. मी जन्मभर बाळंतिणी पाहिल्या, पण या बाईचे दुखणे मला कळेना.

एक दिवस सकाळी, नळ यायच्या आधी, मी तांब्याभर पाणी घेऊन मागे गेले. तिथे दगडाबाई उभी होती. तिच्या हातात बादली होती.

मी तिच्या बादलीकडे पाहिले, तिने माझ्या तांब्याकडे. बोलणे तर बंद होते. पण अशा वेळी लिंबोणीमार्फत बोलायला आम्हा दोघींनाही लाज वाटली.

मीच विचारले, "तू रोज घालतीस?"

"मग? तू घालत न्हाईस म्हनून घालती."

"मी घालते की."

"कवा?"

"दुपारच्याला. तू विड्या टाकाया गेलीस की."

दगडाबाईने बादली खाली ठेवली. झाडाकडे पाहिले, डिंकाकडे पाहिले, आणि म्हणाली, "म्हंजी महिना महिना मी डोईवरनं न्हाले न्हाय, ते हिला बुडवाया व्हय?"

मला हसू आले. तिला आले नाही. मग तिलाही आले. आम्ही दोघी त्या तडकलेल्या जमिनीवर बसून इतक्या हसलो की इमामसाब भिंतीवरून डोकावून "काय झालं, काय झालं" विचारू लागले. साऱ्या सोलापुरात माणसे घागरीसाठी रांगेत उभी होती, आणि आमच्या परसात एक झाड पाणी जास्त झाले म्हणून मरायला टेकले होते.

आजार कळल्यावर उपचार सोपा होता. याला डिंक्या म्हणतात. पाणी बुंध्याला लागून राहिले की होतो. मी चाकू उकळून घेतला, सडलेली साल खरवडली, चांगली लागेपर्यंत. मडक्यात मोरचूद आणि चुना वेगवेगळा भिजवून एकत्र केला व त्याचा निळा लेप बुंध्याला दिला. बुंध्याशी मातीची भर घातली, आणि पाण्याचे आळे लांबून गोल केले, म्हणजे पाणी मुळ्यांना मिळावे पण खोडाला लागू नये. खरवडलेली साल जाळली.

मी हात धुवून येते तो दगडाबाईने मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या होत्या, बुंध्याला काळा दोरा बांधला होता आणि फांदीला भीमाची जुनी चप्पल लटकावली होती. मी म्हटले, "अगं, हा जंतूचा रोग हाय." ती म्हणाली, "तू तुझं कर, मी माझं करती. दिष्ट लागली हुती."

लिंबोणीला पुढच्या श्रावणात नवी पालवी आली. त्यानंतरच्या मृगबहाराला लिंबे लागली. ती मोरचुदाने बरी झाली असे माझे म्हणणे आहे. ती चपलेने बरी झाली असे दगडाबाईचे म्हणणे आहे. इमामसाब म्हणतात, "तुमचं दोघींचं खरं हाय, पन लीद माजी हुती." हा वाद अद्याप मिटलेला नाही. तो रोज सकाळी चहाबरोबर चालतो. या मृत्युपत्राने तो कोणाच्याही बाजूने मिटला असे समजू नये.

कलम ७. मागची बाजू

आता मुख्य मुद्दा.

गेल्या वर्षी मला छातीत कळ आली तेव्हा दगडाबाईने मला उठू दिले नाही. माझ्या पलंगाशी बसून विड्या वळायची आणि बागेतली बातमी सांगायची. "वांग्याला मावा पडलाय. राख मारली." "काकडीच्या पानावर पांढरं पांढरं आलंय पिठावानी." मी सांगायची, ती भुरी आहे, रोगट पाने तोडून टाक, ताक पाण्यात घालून शिंपड. ती म्हणायची, "ताक मानसाला न्हाय आन् काकडीला." आणि शिंपडायची. मी उठून पाहिले तेव्हा वेल हिरवा होता, आणि खड्ड्यात त्या वर्षीची सगळी पाने थर लावून रचलेली होती. वरून माती दाबलेली.

या संक्रांतीला हिंदुराव बार्शीहून आला होता. तो गेल्यावर दोन-तीन दिवसांनी मी मागे गेले, तर भिंतीच्या सावलीत डालड्याच्या डब्यांची रांग. दगडाबाई जास्वंदीच्या, मोगऱ्याच्या, कण्हेरीच्या फांद्या तिरक्या कापून त्यांत खोचत होती. शेवटच्या डब्यात लिंबोणीचे बी रुजवून केलेले एक रोप होते.

"एवढी कलमं कशाला गं?" मी विचारले.

"कशाला न्हाय."

"दगडे."

ती माती दाबत राहिली. मग म्हणाली, "पोरगं म्हनलं, आईच्या माघारी हितं दोन खोल्या पाडून चार काढायच्या हायेत, भाड्यानं द्याया. काकी, तुमी वेळापूरला मामांकडं सुखानं ऱ्हावा. वाईट न्हाय बोललं. सादं बोललं. मग जायचं झालं तर रिकाम्या हातानं कशाला जाऊ?"

"तू मला सांगितलं का न्हाईस?"

"तुझं काळीज आदीच नासकं. आन् घर तुझं, पोरगं तुझं. मी काय म्हनून सांगू?"

वेळापुरात तिच्या भावाचे घर आहे हे खरे, पण तिथे तिला कोणी बोलावलेले नाही. ती डब्यांत जी रोपे लावीत होती ती ठेवायला तिथे अंगणही नाही. मला हे ठाऊक आहे, तिलाही ठाऊक आहे. तरी ती लावीत होती.

म्हणून मी लिहून ठेवते की, घराच्या मागच्या दोन खोल्या, मोरी, कट्टा व त्यामागची संपूर्ण परसबाग, लिंबोणी, देशी बदाम, खतखड्डा, वेल, रोपे यांसह, तसेच कुदळ, खुरपे, घमेले, झारी व दोन्ही कात्र्या, मी माझी जाऊ दगडाबाई कोम भीमा वाघमोडे हिला पूर्ण मालकी हक्काने देते.

वकीलसाहेबांनी येथे "हयातीपुरता राहण्याचा हक्क" असे लिहायला सुचविले, म्हणजे तिच्यानंतर मिळकत हिंदुरावकडे परत येईल. मी म्हटले, हयातीपुरता तर भाडेकरूही राहतो. ते म्हणाले, "बाई, उद्या तिने ती भावाला दिली तर?" मी म्हटले, देऊ दे. जे दुसऱ्याला देता येत नाही ते आपले कसे?

हे दान नव्हे. दगडाबाई दान घेत नाही. संक्रांतीचा तिळगूळसुद्धा ती मोजून परत करते. मुरमाची माती झाली ती तिच्या बदामाच्या पानांनी. पाने तिची, खड्डा माझा. त्यातून जी माती झाली ती कोणाची, हे कोणत्याही कोर्टाला सांगता यायचे नाही. मी सांगते, तिची.

कलम ८. अटी नव्हेत, सूचना

नळ समाईक राहील. बाजूच्या बोळातून दगडाबाईचा व तिच्या माणसांचा जाण्यायेण्याचा हक्क कायम राहील. बोळात सायकल आडवी लावू नये.

पानगळीत पाने जाळू नयेत. मात्र रोगट पाने, डिंक्याची साल, मावा पडलेले शेंडे खड्ड्यात कधीही टाकू नयेत, कारण खड्ड्यातून रोग पुढच्या सालच्या रोपांत येतो. ते जाळावे. तेवढ्यापुरता दगडाबाईचा जाळण्याचा हक्क मी आज या कागदाने मान्य करते. तिला फार आनंद होईल.

लिंबोणीला पाणी आळ्यात घालावे आणि एकाच माणसाने घालावे.

माझी राख झाडांना घालू नये. हल्ली तसे भावुकपणाने कोणी कोणी करतात. लिंबोणीला राख मानवत नाही, आणि माव्यावर मारायला चुलीची पुरते.

कलम ९. अंमलबजावणी

या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी मी माझा मुलगा हिंदुराव यासच नेमते. वकीलसाहेबांनी भुवया वर केल्या. पण कागदातून पहिल्यांदा कळावे असे मी त्याच्यासाठी काही ठेवलेले नाही. गेल्या रविवारी त्याला बोलावून घेतले आणि ओसरीवर बसवून सगळे सांगितले.

त्याने आधी मागच्या दाराकडे पाहिले. मग म्हणाला, "आई, मी काकीला घालवत नव्हतो गं. मला वाटलं, म्हातारपणी माहेरी बरं वाटेल."

मी म्हटले, "तिला इचारलंस?"

"नाही."

"मग कुणाला बरं वाटेल?"

तो उठून मागे गेला. मला वाटले, रागावला. डोकावून पाहिले तर दगडाबाई त्याला डबे उचलायला लावत होती, एकेक करून उन्हातून सावलीत, आणि तो मास्तराचे इस्त्रीचे कपडे घालून मुकाट्याने उचलत होता. तिला या कागदाची गोष्ट त्याने सांगितली नाही. मीही सांगितलेली नाही. ती नको म्हणेल याची मला भीती वाटते. तिला नको म्हणायची सवय आहे.

जो मुलगा चिखलाचे डबे कपड्याला लावून घेतो तो आईचा कागद मोडणार नाही, असे मला वाटते. वाटणे हा पुरावा नव्हे असे वकीलसाहेब म्हणतात. मी म्हटले, आईच्या कामात तो चालतो.

कलम १०. साक्षीदार

आज साक्षीसाठी इमामसाब, आणि सूतिकागृहात माझ्याबरोबर आया असलेल्या नागम्मा, अशा दोघांना बोलावले. ते येऊन बसले आहेत. मी शेवटच्या ओळी लिहीत असताना दगडाबाई मागून पदराला हात पुशीत आली आणि दारात उभी राहिली.

"मी बी अंगठा करती," ती म्हणाली. "घरातलं मानूस सोडून गल्लीतली गोळा केलीस व्हय?"

मी काही बोलायच्या आत वकीलसाहेब म्हणाले, "बाई, तुमची साक्ष चालायची नाही. ज्याला कागदातून काही मिळायचं असतं त्यानं साक्षीला राहू नये."

नागम्मा आपल्या पायाकडे पाहू लागल्या. इमामसाबनी टोपी काढून पुन्हा घातली.

"काय मिळतंय?" दगडाबाईने विचारले. वकिलांना नव्हे, मला.

"मागची बाजू," मी म्हटले. "खोल्या, बाग. तुझ्या नावानं. कायमची."

"लिंबोणीसकट?"

"सकट."

तिने दाराची चौकट धरली. मला वाटले, आता नको म्हणेल. तिचे ओठ तसे झालेही होते.

"आन् कवा?"

"मी गेल्यावर गं."

तिने माझ्याकडे नीट पाहिले, सूतिकागृहातले डॉक्टर पाहत तसे, वरपासून खालपर्यंत.

"मग मला काय घाई न्हाय," ती म्हणाली, आणि सगळ्यांसाठी चहा टाकायला आत गेली.

तिचे हे म्हणणे तिच्या संमतीदाखल येथे नोंदविले आहे. मलाही घाई नाही. तरी कागद वेळेत झालेला बरा, म्हणून वर लिहिलेले सर्व वाचून, समजून, माझ्या खुशीने, खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही करते. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. यापुढे केले तर त्यात फक्त वांग्यांबद्दल असेल.

स्थळ : सोलापूर
दिनांक : ५ मार्च १९७८, रविवार

(सही) मुक्ताबाई कोम कोंडीबा वाघमोडे

साक्षीदार :
१. (सही) इमामसाब नदाफ, धंदा टांगा, राहणार शेजारी. बाईंनी आमच्यासमोर लिहिले व सही केली. लिदीबद्दल जे लिहिले आहे ते खरे आहे.
२. (डाव्या हाताचा अंगठा) नागम्मा बिराजदार, सूतिकागृहातून निवृत्त आया. बाईंनी वाचून दाखविले, ऐकले. अंगठा वकिलांसमक्ष उठविला, चहा येण्याच्या आधी.